मूल बोलतं तसं कागदावर उतरावं म्हणून: वर्गाची भित्तिपत्रिका

जुन्या नाशकातला एखादा मुलगा मधल्या सुट्टीत रंगपंचमीच्या रहाडीबद्दल, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदाबद्दल, सांगायला लागला की भोवती घोळका जमतो. कुठल्या रहाडीचा रंग कुठला, धप्पा मारला की पाणी कुठवर उडतं, उडी घेताना नाक कसं धरायचं, सगळं त्याला पाठ. त्याच मुलाला पुढच्या तासाला ‘माझा आवडता सण’ लिहायला द्या. पहिली ओळ येते, ‘भारत हा सणांचा देश आहे.’

ही ओळ त्याने घरून आणलेली नाही. शाळेने ती दिली, गाइडने पक्की केली आणि लाल पेनाने तिला कधी हात लावला नाही म्हणून ती टिकली. घोळक्यात त्याच्यासमोर रहाड न पाहिलेली, मध्येच ‘मग?’ विचारणारी पोरं होती. वहीत लिहिताना समोर फक्त बाई असतात, आणि बाईंना उत्तर आधीच माहीत असतं. तेव्हा आधी वाचणारा बदलायचा. वर्गातल्या वर्गात हे करायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे भित्तिपत्रिका. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक काढत, तेव्हा हाताने लिहिलेला कागद अनेकांनी वाचावा ही आपल्याकडे जुनीच रीत आहे.

भित्तिपत्रिका तशी प्रत्येक शाळेत असते. १५ ऑगस्टला थर्माकोलची अक्षरं चिकटवतात, सुवाच्य अक्षराच्या दोन मुली मजकूर लिहितात आणि तो दिवाळीपर्यंत तसाच राहतो. ती सजावट झाली. इथे सांगितलेली पत्रिका दर शनिवारी बदलते आणि तिच्यावर उत्तरं येतात. हिशेब पाचवी ते आठवीच्या ४० मुलांच्या वर्गाचा आहे.

फलक

४ फूट रुंद आणि ३ फूट उंच सॉफ्ट बोर्ड पुरतो. त्यावर ए-फोर कागद उभे लावले तर एका ओळीत ५, दोन ओळींत १० बसतात आणि प्रत्येक ओळीखाली सुमारे १० सेंमी पट्टी मोकळी राहते. ही पट्टी शोभेची नाही, उत्तरांची पाकिटं तिथेच लागणार आहेत. बोर्ड नसेल तर टीव्हीचं किंवा फ्रिजचं खोकं उघडून त्याचा पुठ्ठा लावा. तोही नसेल तर खिळ्यांना दोन सुतळ्या ताणा आणि कपड्यांचे चिमटे वापरा. साडेतीन-चार मीटर सुतळी आणि २० चिमटे, एवढ्यात काम होतं.

फलक बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या नजरेच्या उंचीला टांगलेला असतो, तिथेच निम्मे वाचक जातात. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर हवी, म्हणजे फलकाचा मध्य चार फुटांवर येतो. जागा जाण्यायेण्याची पण जरा थांबता येईल अशी. पाण्याच्या टाकीजवळची भिंत मोहाची असते, तिथे उभं राहायला पोरांना निमित्त मिळतं. पण पावसाळ्यात व्हरांड्याच्या बाहेरच्या भिंतीवर फवारा येतो, आणि इगतपुरी-त्र्यंबककडच्या शाळांत तर जुलैत कागद दोन दिवसांत लोळतो. फलक आतल्या भिंतीवर लावा. मजकूर बॉलपेननेच लिहा, कारण स्केचपेन आणि जेलपेनची शाई ओलीला फुटते. डिंकाने कागद सुरकुततो, म्हणून चार कोपऱ्यांना चार टाचण्या.

उत्तरांसाठी पाकिटं विकत आणू नका. घरोघरी लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं पडलेली असतात, मुलं आठवड्यात पन्नास जमवतात. प्रत्येक मजकुराखाली एक पाकीट तोंड वर करून टाचायचं. उत्तराच्या चिठ्ठ्या म्हणजे एका बाजूने वापरलेल्या ए-फोर कागदाचे आठ तुकडे. ज्यांचे मजकूर फलकावर आहेत ते दहाजण सोडून उरलेली ३० मुलं दर आठवड्याला दोन-दोन चिठ्ठ्या लिहितात, म्हणजे ६० चिठ्ठ्या, म्हणजे ८ कागद.

आठवडा कसा चालतो

वर्गाचे १० जणांचे चार गट करा. दर आठवड्याला एका गटाची पाळी. म्हणजे प्रत्येक मुलाचा मजकूर महिन्यातून एकदा लागतो आणि जुलै ते फेब्रुवारी, मधली दिवाळी, परीक्षा आणि स्नेहसंमेलन वगळून, सहा-सात पाळ्या होतात. गट अक्षरावरून किंवा हुशारीवरून पाडू नका, हजेरीच्या क्रमाने पाडा.

सोमवारी लिहायचं काहीच नाही, फक्त सांगायचं. पाळीचे दहाजण जोडीने बसतात. एकाने १० मिनिटं सांगायचं, दुसऱ्याने ऐकून तीन प्रश्न विचारायचे आणि ते कागदावर लिहून सांगणाऱ्याच्या हातात द्यायचे. मग उलटं. वेळ नाही म्हणून हा दिवस गाळायचा मोह होतो, आणि तो गाळला की उरलेला आठवडा वाया जातो. मूल तोंडाने सांगतं तेव्हा त्याची वाक्यं त्याची असतात. ती कानात ताजी असताना लिहिलं तर निम्मी तरी कागदावर येतात.

बुधवारी कच्चं लेखन, ३० मिनिटं, वर्गातच. एक ओळ सोडून लिहायचं, म्हणजे बदलाला जागा राहते. खोडरबर नको, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची. खोडलेल्या शब्दाकडे गुरुवारी परत जावं लागतं, कारण बऱ्याचदा तोच शब्द चांगला असतो. गुरुवारी प्रत्येकाने आपलं लेखन जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवायचं. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य बहुधा उसनं असतं. शुक्रवारी शुद्धलेखन आणि स्वच्छ प्रत: ए-फोर कागद, दीड सेंमी अंतराच्या रेघा, १५-१६ ओळी, म्हणजे साधारण १०० शब्द. मर्यादा पाळाच. दोन पानांचा मजकूर भिंतीजवळ उभं राहून कोणी वाचत नाही. शनिवारी सकाळच्या शाळेत फलक बदलतो.

पुढच्या सोमवार ते गुरुवार उरलेला वर्ग उत्तरं लिहितो आणि नवा गट आपल्या तयारीला लागतो. दोन चिठ्ठ्यांपैकी एक नेमून दिलेल्या मजकुराला (हजेरी क्रमांकाचा शेवटचा आकडा ३, तर तिसरा मजकूर) आणि दुसरी मनाजोगती. नेमून दिली नाही तर सगळ्या चिठ्ठ्या वर्गातल्या दोन लाडक्या मुलांच्या पाकिटात पडतात आणि तिघांची पाकिटं रिकामी राहतात. रिकामं पाकीट बघितलेलं मूल पुढच्या पाळीला तीन ओळी लिहून मोकळं होतं.

चिठ्ठीचा नियम एकच: मजकुरातली एक गोष्ट नाव घेऊन सांगायची आणि एक प्रश्न विचारायचा. ‘छान लिहिलंस’, ‘मस्त’, ‘असंच लिहीत राहा’ या चिठ्ठ्या परत करायच्या. पहिले दोन आठवडे निम्म्या परत कराव्या लागतील, त्याला घाबरू नका. शुक्रवारी लेखकाने एक प्रश्न निवडून त्याचं उत्तर मजकुराखाली चार ओळींत लिहायचं आणि शनिवारी फलक बदलला की कागद आपल्या फाइलला लावायचा.

एक मजकूर जवळून

निफाड-दिंडोरीकडच्या सहावीतल्या मुलाचा कच्चा मजकूर साधारण असा असतो:

‘माझे वडील शेतकरी आहेत. ते खूप कष्ट करतात. आमच्या शेतात द्राक्षे आहेत. द्राक्षे खूप गोड असतात. शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे. मला माझे वडील खूप आवडतात.’

यात शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि हे वडील कोणाचेही असू शकतात. जोडीदाराने विचारलेले प्रश्न हे होते: गोड झाली हे कसं कळतं? तू तिथे काय काम करतोस? पप्पा रागावतात का? त्यानंतर:

‘व्यापारी आला की आधी घडाच्या टोकाचा मणी तोडून खातो. टोकाचा गोड असला म्हणजे वरचा गोडच, असं पप्पा म्हणतात. तो मणी चावतो तेव्हा पप्पा त्याच्या तोंडाकडं बघतात. क्रेटमध्ये कागद टाकायचं काम माझं. एकदा कागद कमी पडला. पप्पा ओरडले नाहीत, नुसते बघत राहिले. ते जास्त वाईट.’

घडाचं टोक सर्वांत शेवटी पिकतं, म्हणून व्यापारी टोकाचाच मणी चाखतो. हे मुलाने पुस्तकात वाचलेलं नाही, बघितलं आहे. ‘खूप कष्ट करतात’ गेलं आणि त्याच्या जागी बापाची नजर आली. लक्षात घ्या, शिक्षकाने यात एक शब्दही घातलेला नाही. शिक्षकाच्या वाट्याला कच्च्या मजकुरावर पेन्सिलच्या दोनच खुणा: मूल जिथे खरं बोललं त्या ओळीशेजारी एक टिंब आणि जिथे अजून ऐकावंसं वाटतं तिथे एक प्रश्नचिन्ह. तिसरी खूण केली की मूल कागदाऐवजी तुमच्याकडे बघून लिहायला लागतं.

आणि त्या शेवटच्या दोन शब्दांना ‘अपूर्ण वाक्य’ म्हणून पूर्ण करायला लावू नका, कृपा करून.

विषय

‘माझी आई’, ‘पावसाळा’, ‘मी पक्षी झालो तर’ यांवर गाइडमध्ये तयार माल आहे, तो येणारच. विषय इतका लहान द्या की त्यावर दुसऱ्या कोणी लिहिलेलंच नसेल. बुधवारच्या बाजारात गंगेवर (म्हणजे गोदाकाठी) आजी कुठल्या दुकानदाराशी भांडते. सिटीलिंकच्या बसमध्ये जागा कशी पकडायची. कांद्याची चाळ भरताना कुठला कांदा बाजूला काढतात आणि का. आमच्या घरातली तुटलेली पण न फेकलेली वस्तू. मिसळ खाताना बाबा काय बोलतात. कृती सांगणारे विषय (अमुक कसं करतात) पहिल्या पाळीला सगळ्यात बरे, कारण तिथे मूल जाणकार असतं आणि जाणकाराला उपमा-अलंकार सुचत बसत नाहीत.

अडलेल्या मुलांसाठी एक १५ मिनिटांचा सराव आहे. एकच प्रसंग, समजा सायकल पंक्चर झाली म्हणून उशीर झाला, तीन जणांना तीन-तीन ओळींत सांगायचा: आजीला, मित्राला आणि मुख्याध्यापकांना. तिन्ही शेजारी ठेवून वाचले की आपल्याकडे एकाहून जास्त प्रकारचं बोलणं आहे हे मुलालाच दिसतं. मुख्याध्यापकांना सांगितलेलं बहुतेक वेळा निबंधासारखं निघतं, आणि वर्ग हसतो. हसू द्या.

बोली

इथे बऱ्याच शिक्षकांची गाडी अडते. आपल्या नाशिक जिल्ह्यात बागलाण, मालेगाव, कळवणकडे घरात अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा आदिवासींची कोकणी, सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत हिंदी किंवा भोजपुरी. मूल ‘व्हतं’, ‘गेल्तो’ लिहितं आणि पेन आपोआप खाली येतं. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. ‘आणी’, ‘पाणि’, ‘दीवस’ या लेखनाच्या चुका आहेत. त्या शुक्रवारी, स्वच्छ प्रतीच्या आधी दुरुस्त करायच्या, अगदी न चुकता. शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ आणि ‘आणि’, ‘नि’ मात्र ऱ्हस्व, एवढ्या एका नियमाने निम्मा कागद सुधारतो. ‘व्हतं’ ही चूक नाही, ते घरातलं बोलणं आहे.

वर्गापुरता नियम असा ठेवा: कोणी बोललेलं वाक्य जसं ऐकलं तसंच, अवतरणचिन्हात. निवेदन कुठल्या मराठीत करायचं ते मुलाने ठरवायचं, पण एका मजकुरात एकच धरायचं. ‘आमच्या मुलाला अशुद्ध शिकवता’ असं पालक म्हणाले तर सांगायला हरकत नाही की पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा घालायला शुद्धलेखनाच्या मान्य नियमांतच मुभा आहे. वर्गाला न कळणारे शब्द फलकाच्या कडेला ‘शब्दपट्टी’वर लिहायचे, अर्थ ज्याचा शब्द त्यानेच द्यायचा. ज्या पोराला आतापर्यंत बोलीवरून चिडवलं गेलं, त्याला अर्थ विचारायला लोक येतात. त्याचं पुढचं लेखन त्यानंतर बघा.

काय बिघडतं

पालक लिहून देतात. सातवीतल्या मुलीच्या कागदावर ‘अनन्यसाधारण’ दिसलं की ओळखायचं. म्हणूनच कच्चं लेखन वर्गाबाहेर जाऊ द्यायचं नाही. मोबाइलवरून उतरवलेलंही याच वाटेने थांबतं, कारण सोमवारी सांगितलेलं जोडीदाराने ऐकलेलं असतं.

खराब अक्षराच्या मुलाचा मजकूर दुसऱ्याकडून सुंदर लिहवून घेतात. असं करू नका. अक्षर वाचता येत नसेल तर रेघांमधलं अंतर दोन सेंमी करा आणि शब्द ७० वर आणा. लिहायचं त्यानेच.

शेवटी तात्पर्य चिकटतं: ‘म्हणून आपण सर्वांनी पाणी वाचवले पाहिजे.’ ही सवय इतकी मुरलेली असते की समजावून जात नाही. गुरुवारी मोठ्याने वाचताना जोडीदाराने शेवटच्या दोन ओळींवर तळहात ठेवायचा आणि वर्गाला विचारायचं, संपलं का? दहांपैकी बऱ्याच वेळा आधीच संपलेलं असतं.

चिठ्ठ्यांतून टोमणे येतात. पहिले दोन महिने प्रत्येक चिठ्ठी तुम्ही वाचूनच पाकिटात टाका. टोपणनाव, जात, घरची गरिबी, दिसणं, यांवरचं काहीही सरळ बाहेर. निनावी चिठ्ठी घ्यायचीच नाही.

आणि कधीतरी मूल असं काही लिहितं की ते भिंतीवर लावता येत नाही. घरातली दारू, मार, कर्जाची भांडणं. मूल मोकळं लिहायला लागलं की हे येणारच, त्याची तयारी आधी ठेवा. असा कागद त्याच्या फाइलमध्ये राहतो, वर्गापुढे येत नाही आणि मुलाशी बोलणं एकट्यात होतं. त्याच्या पाळीसाठी दुसरा मजकूर लिहायला वेळ द्यायचा, म्हणजे फलकावर त्याची जागा रिकामी दिसत नाही. मुलाला इजा होत असल्याची शंका आली तर मुख्याध्यापकांना सांगून चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ क्रमांक लावायचा. हे भाषेच्या तासाचं काम नाही म्हणून बाजूला ठेवू नये.

फलकाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी परवानगी घ्या आणि नावाची पट्टी दुमडून घ्या. भिंतीवरचा कागद शनिवारी उतरतो, फोटो उतरत नाही.

गावाबाहेरचा वाचक

तीन पाळ्या झाल्या की वर्गातले वाचक ओळखीचे होतात, प्रश्न तेच ते यायला लागतात. तेव्हा दुसऱ्या शाळेशी मजकुरांची अदलाबदल सुरू करा. १९२० च्या दशकात फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने वर्गात छोटं छपाई यंत्र आणून मुलांचे मजकूर छापले आणि दुसऱ्या शाळेशी त्यांची देवघेव केली. आपल्याला यंत्र लागत नाही, १० कागद, एक मोठं पाकीट आणि पोस्टाची तिकिटं पुरतात. जोडी लांबच्या परिसराची निवडा: नाशिक रोडची शाळा आणि सुरगाण्याची शाळा. नागलीची भाकरी कशी थापतात हे शहरातल्या पोराला समजावताना तिकडच्या मुलीला पहिल्यांदा कळतं की आपल्याला येणारी गोष्ट सगळ्यांना येत नाही. महिन्याला एकच पाकीट पाठवा. दर आठवड्याचं ठरवलं तर ते दुसऱ्याच महिन्यात बंद पडतं. कागदावर मुलाचं फक्त पहिलं नाव, घरचा पत्ता नाही, उत्तरं शाळेच्या पत्त्यावर.

परीक्षेची काळजी रास्त आहे. सहामाहीच्या दोन आठवडे आधी फलक थांबवा आणि निबंधाचे आराखडे सरळ शिकवा, मुद्दे, परिच्छेद, वेळ. मुलांना एवढंच सांगा की सुरुवातीची ओळ भित्तिपत्रिकेसारखी लिहा. शंभर वह्यांत ‘भारत हा सणांचा देश’ वाचून दमलेल्या परीक्षकाला तेवढं पुरतं.

वर्षाचं हस्तलिखित २७ फेब्रुवारीला काढा. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाला, नाशिकच्या शाळांत कार्यक्रम होतोच, त्याला हे जोडता येतं. फाइलमधला कुठला मजकूर द्यायचा ते मुलाने निवडायचं, तुम्ही नाही. ४० कागद, डावीकडे ३ सेंमी समास, तीन भोकं आणि जाड दोरा. मुखपृष्ठाला कार्डशीट.

त्याच आठवड्यात एक चाचणी घ्या, तीच जुलैतही घेतली असेल तर उत्तमच. दहा मजकूर निवडा, नाव झाका, ओळखू येईल असा तपशील (भावाचं नाव, गल्ली, बापाचा धंदा) गाळा आणि तुम्ही स्वतः एका सुरात वाचा. वर्गाने कोण ते ओळखायचं. जुलैत बहुतेक अंदाज चुकतात. फेब्रुवारीत ज्यांची नावं पोरं लगेच ओरडतात त्यांचं काम झालं. ज्याला अजून कोणी ओळखत नाही त्याची फाइल उघडून बघा: त्याच्या पाकिटात प्रश्न कमी आले होते का, सोमवारचं सांगणं दोन-तीन मिनिटांत उरकलं जात होतं का. मार्चमधल्या शेवटच्या पाळीला त्याचा जोडीदार बदला, सांगायला १० ऐवजी १५ मिनिटं द्या आणि विषय त्याच्या हातच्या कामाचा ठेवा.